शेडमागची पिवळी माती

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल संपल्यावर तुमच्या आईचा निरोप आला. तुम्ही दोघं तिला विचारत होता, की छोटे आजोबा छोट्या आजीशी बोलत का नाहीत? छोट्या आजीने त्यांना दोनदा विचारलं, "चहा आणू का?" आणि त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "वहिनी, नगं म्हणावं." ती तर हाताच्या अंतरावर उभी होती. तुम्हाला गंमत वाटली, एका खोलीतली माणसं अशी टपालाने का बोलतात?

गंमत नाही. अडीच महिने झाले ह्याला, आणि कारण मी आहे. हे फोनवर सांगणं मला जमणार नाही. फोनवर मी आधी स्वतःची बाजू सांगते आणि मग तुमच्या तिकडे जेवायची वेळ होते. लिहिलेलं खोडता येतं, म्हणून लिहिते.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. शाळा, कॉलेज आणि पुढे पिंपरीच्या कंपनीत इतकी वर्षं पत्रव्यवहार, सगळं इंग्रजीतच झालं. पण भाऊजींचं, तुमच्या छोट्या आजोबांचं, बोलणं इंग्रजीत घातलं की ते एक तर फार शहाणे वाटतात नाहीतर वेडे. ते दोन्ही नाहीत. आईकडून वाचून घ्या.

मी जन्मले ती पायांकडून. बाळाचं डोकं आधी येतं, माझे पाय आधी आले. अशा माणसाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते म्हणतात, आणि डोळ्यांत मंतरलेलं अंजन घातलं की त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं, असंही म्हणतात. माझ्या माहेरी, पुण्यात, ह्यातलं कोणी काही मनावर घेत नसे. लग्नाच्या बैठकीत आईच्या तोंडून ते सहज निघून गेलं, एवढंच. पण तळवड्याच्या ह्या शेतकरी घरात माझ्या बी.ए.पेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली.

लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. भाऊजी, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, तेव्हा विशीतले होते. पोतं उचलताना पाठीत उसण भरली आणि ते ओसरीवर पालथे पडले. सासूबाई मला म्हणाल्या, "जा गं, पाय लाव." मी तशीच उभी.

"वहिनी, घाला लाथ बिनधास्त. आमी काय मनात धरत न्हाई," भाऊजी फरशीला तोंड लावून म्हणाले.

मी डोळे मिटून उजव्या पायाची बोटं टेकवली.

"ही लाथ व्हय? मला वाटलं मांजर गेलं पाठीवरनं."

मग मी जरा जोरात दिली. दुसऱ्या दिवशी ते चालू लागले. उसण दोन-तीन दिवसांत आपोआपच जाते, असं मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "दोन-तीन दिवसांत जाती ना? माझी एका दिसात गेली. मग?" तेव्हापासून भाऊजींनी माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. पोराला कुठल्या शाळेत घालायचं, कोणता डॉक्टर गाठायचा, कागदावर सही करायची की नाही, सगळं मला विचारून. "वहिनी शिकल्याल्या हायत, वर पायाळू," असं ते लोकांना सांगत. माझ्या शिक्षणाला आणि पायांना त्यांनी एकाच तागडीत बसवलं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडत असे.

आमच्या घराण्यात एक हंड्याची गोष्ट आहे. लुटालुटीच्या कुठल्याशा धामधुमीत आमच्या पूर्वजाने सोन्याच्या पुतळ्यांनी, म्हणजे नाण्यांनी, भरलेला तांब्याचा हंडा इंद्रायणीकाठच्या शेतात पुरला आणि जागा सांगण्याआधीच तो वारला. सासरे सांगत तेव्हा हंडा एक असे. चुलत सासरे सांगत तेव्हा दोन, आणि वर नाग. शेवट मात्र सगळे एकच सांगत: धन घरातल्या पायाळू माणसाला दिसेल, पण काढताना बोभाटा झाला तर त्याचा कोळसा होईल. गुप्तधनाची वाच्यता करायची नसते, हा नियम इथे लहान मुलालाही ठाऊक असतो.

चाळीस-बेचाळीस वर्षं ही गोष्ट थट्टेवारी गेली. माझे केस पिकले तरी भाऊजी दसऱ्याला सोनं देताना म्हणत, "वहिनी, ह्ये पानाचं ठेवून घ्या, खरं कवा दावताय?" आणि मी म्हणे, "डोळे अजून तेवढे बिघडले नाहीत."

ह्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. नदीकडचा आमचा शेवटचा तुकडा इमारतींसाठी द्यायचं ठरलं. बाकीची जमीन कधीच गेलेली, काही कारखान्यांना, काही रस्त्याला. ह्या तुकड्यावर एक पत्र्याची शेड होती. ती आम्ही छोट्या वर्कशॉपवाल्यांना भाड्याने देत असू. सह्या झाल्या, भाऊजींनीही केली. पावसाळ्याआधी ताबा द्यायचा होता. आणि मार्चमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

"आता डोळे बी नवं झालं," भाऊजी मला बघायला आले तेव्हा म्हणाले. ह्या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी डबी काढली. कुठून तरी अंजन आणलं होतं.

"भाऊजी, डॉक्टर मला पाणीसुद्धा लावू देत नाहीत डोळ्याला."

"मग बिनअंजनाचं चला. एकदा फिरा नुसतं रानातनं. पोकलेन लागला म्हंजी सपलं, वहिनी. आमच्या बापाच्या बापापासनं जे ऱ्हायलं त्ये ट्रकात भरून जाईल कुठंतरी. मग माझ्या जिवाला कायमचं लागून ऱ्हाईल बगा, की घरात माणूस असून बगितलं न्हाई."

हे ते रोज सांगू लागले. तीन आठवडे रोज. माझी धाकटी जाऊ, तुमची छोटी आजी, भिंतीपलीकडून ओरडे, "अवो, त्यांना जेवू द्या आधी!" शेवटी एप्रिलच्या एका सकाळी मी काठी घेतली, गॉगल लावला आणि त्यांच्यामागून गेले. अनवाणी. तेवढा त्यांचा हट्ट होता.

ऊन चढलं होतं. ढेकळं पायांना टोचत होती. भाऊजी माझ्या पायांकडे बघत चालत होते आणि मी थांबले की श्वास रोखत होते. अर्ध्या तासात माझे गुडघे बोलू लागले. शेडच्या मागे सावली होती आणि तिथली माती इतर जागेपेक्षा भुसभुशीत दिसत होती. मी विचार केला, आणि विचार केला ह्याचंच मला वाईट वाटतं, की काहीतरी दाखवल्याशिवाय हे सुटणार नाही. मग निदान मऊ जागा दाखवावी. सत्तरी जवळ आलेला माणूस, कडक मुरमात कुदळ मारून हृदयाला ताण यायचा. हात-दीड हात खणतील, काही मिळणार नाही, मन शांत होईल. मी काठी टेकवली आणि म्हटलं, "इथे असेल."

"असंल का हाय?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी तिथली चिमूटभर माती कपाळाला लावली.

बोभाटा नको म्हणून त्यांनी मजूर लावला नाही. रोज सकाळी एकटेच जात. जावेला सांगत, शेडचा पत्रा मोकळा करतोय. चौथ्या दिवशी ते रंगाच्या रिकाम्या बादलीत माती भरून माझ्या मागच्या दारी आले. "वहिनी, चकाकतंय," ते हळू आवाजात म्हणाले.

तुम्ही दिवाळीला पाठवलेली ती हिरवी थाळी आठवते ना? तुम्ही सुट्टीत ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून सोन्याचे कण शोधलेत, त्याचा व्हिडिओ पाठवलात आणि बरोबर आजीसाठी एक थाळी. मी तिच्यात पालेभाजी निवडत असे. तुमचा व्हिडिओ मी छोट्या आजोबांना दाखवला होता, आणि त्यांनी तो माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिला होता. मला मात्र तो पाहताना लहानपणची सराफकट्ट्यातली पहाट आठवली होती. झारेकरी बायका सोनारांच्या दुकानांपुढची धूळ कुंच्याने गोळा करत, गटारातला गाळसुद्धा उपसत आणि लाकडी परातीत धूत बसत. तासन्‌तास. त्यांच्यापैकी कोणी हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. तुम्ही मात्र खूप हसत होता.

भाऊजींना ती थाळी हवी होती. आम्ही धुण्याच्या दगडापाशी टब भरला. थाळीबरोबर आलेलं माहितीपत्रक मी चष्मा लावून वाचलं आणि तसंच केलं. माती पाण्यात हलवायची, खडे काढायचे, थाळी जरा कलती धरून गाळ पुढून जाऊ द्यायचा. सोनं जड असतं, ते थाळीतल्या खाचांत मागे राहतं. माती तेलकट होती, पाण्यावर तवंग येत होता. बऱ्याच वेळाने तळाशी काळी रेती उरली आणि तिच्यात पिवळे कण दिसले. एक-दोन नव्हेत, मोजता येणार नाहीत इतके.

भाऊजी मटकन खाली बसले. ओल्या दगडावरच. त्यांनी माझे पाय धरायला हात पुढे केले आणि मी मागे सरले.

मीही दोन-तीन श्वास फसले, हे लिहून ठेवते. मग मी आतून भिंग आणलं. प्रत्येक कण वळलेला होता. पेन्सिल तासल्यावर साल निघते तसा, स्प्रिंगसारखा. लेथ मशीनवर पितळ कापलं की असा कीस पडतो. आणि थाळी जरा हलवली की ते कण रेतीबरोबर पुढे सरकत होते. सोनं असं सरकत नाही, माहितीपत्रकातच लिहिलं होतं. मला आठवलं, शेडमध्ये लातूरकडचा एक भाडेकरू पितळी नळांचे भाग बनवायचा. चांगला कीस तो भंगारवाल्याला देई, पण तेला-मातीत मिसळलेली झाडलोट टाकायला त्याने शेडमागे खड्डा केला होता. त्याचं परवानगीचं पत्र माझ्याच फाइलमध्ये आहे. ती माती मऊ का होती, ते मला त्या क्षणी कळलं.

"सोनं हाय ना?" भाऊजींनी विचारलं.

'पितळ आहे' म्हणायला किती वेळ लागतो? पण मग त्यांनी विचारलं असतं, तुम्ही तर म्हणालात 'आहे'. मी म्हटलं, "असं डोळ्यांनी सांगता येत नाही, भाऊजी. सोनाराला दाखवू दोन दिवसांत. तोवर खणू नका."

"आन कुणाला बोलू नका," त्यांनी मलाच बजावलं. कण कागदाच्या पुडीत बांधून ते गेले.

त्या संध्याकाळी त्यांच्या पोटात ते राहिलं नाही. त्यांनी जावेला सांगितलं, शपथ घालून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे तपासायला निगडीला गेले होते. भाऊजी शेडमागे गेले. खड्डा छातीएवढा खोल झाला होता. मऊ मातीचा काठ एका बाजूने ढासळला आणि ते छातीपर्यंत गाडले गेले. शेजारच्या कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने आवाज ऐकला. त्याने चार माणसं गोळा करून त्यांना काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी रिक्षातून उतरले तेव्हा ॲम्ब्युलन्स निघत होती आणि रस्त्यावरचा जो तो एकमेकाला सांगत होता, "म्हातारं सोनं खणत होतं म्हणे."

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या खाटेभोवती होतो. त्यांचा मुलगा चाकणच्या कंपनीत सुपरवायझर आहे, तो शिफ्ट संपवून थेट आला होता. त्याने वडिलांच्या सदऱ्यात सापडलेली पुडी उघडली.

"आबा, हे पितळ आहे. लेथचा कीस. आमच्या शॉपमध्ये ढिगाने पडतो. ह्याच्यापायी तुम्ही..."

"सोनं व्हतं," भाऊजी म्हणाले. "वहिनींनी भिंगातनं बगितलंय. इचार त्यांना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "आत्ता त्यांना बोलायला लावू नका. विश्रांती घेऊ दे." कंपनीत नको त्या पत्रांना मी अशीच उत्तरं लिहीत असे: आपले पत्र मिळाले, विचार चालू आहे.

भाऊजींनी पुडी मुलाच्या हातातून घेऊन मिटली. मग जावेकडे वळून म्हणाले, "परवा सोनं व्हतं. तुला सांगितलं आन पितळ झालं. तुझ्या तोंडानं घात केला." आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर आजपर्यंत ते तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

जाऊ बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "ताई, मी कुणालाच न्हाई बोलले. फकस्त देवाफुडं दिवा लावताना बोलले, की माझ्या माणसाच्या कष्टाला यश दे. मोठ्यानं बोलले. देवाला सांगितल्यालं बोभाट्यात धरत्यात का हो?"

मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, "नाही गं. तसं काही नसतं." ह्यापुढे आणखी दोन वाक्यं बोलायची होती. ती मी बोलले नाही.

अडीच महिने मी ती बोलले नाही. रोज दुपारी ती माझ्या मागच्या दारी भाजी घेऊन येई, आम्ही दोघी निवडायला बसू. ती सांगे, आज त्यांनी ताट पुढे सारलं. आज वॉकर धरून दारापर्यंत गेले, पण मी हात दिला तर झिडकारला. मी ऐकत असे. काळ गेला की निवळेल, असं मी स्वतःला सांगत होते. तिकडे शेड पाडली गेली, पोकलेन आला, ट्रक भरून माती जाऊ लागली. भाऊजी खिडकीशी बसून ते बघत आणि तिला बघत नसत. मग तुमचा कॉल आला, आणि ते 'नगं म्हणावं' तुम्हालाही ऐकू गेलं.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. जावेला म्हटलं, तूही बस. दोघांसमोर, काही न वगळता सांगितलं. मला रानात काहीच दिसलं नव्हतं, गुडघे दुखत होते. मऊ माती बघून काठी टेकवली. थाळीतलं पितळ मला त्याच वेळी कळलं होतं. हिचा ह्यात काडीचाही दोष नाही.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग ते इतक्या मायेने हसले, की मला ते सहन होईना.

"वहिनी, तुमी लई भल्या. हिला वाचवाया केवढं बोलाया लागलं तुमाला."

"भाऊजी, मी खरं सांगतेय."

"तुमी खरंच सांगता. तवा बी 'हाय' म्हणाला, म्हणून तर म्या खांदलं."

मी पुन्हा सांगितलं. फाइल आणली, भाडेकरूचं ते पत्र दाखवलं. त्यांनी हातानेच बाजूला केलं. "कागदाचं काय सांगता. खड्डा असंल त्याचा. हंडा त्याच्याखाली व्हता."

जाऊ उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले. ती ओट्याला टेकून उभी होती.

"त्याच दिशी कळलं व्हतं तुमाला?"

"हो."

"दवाखान्यात बी ठाव व्हतं? बाकड्यावर माझा हात धरला तवा?"

"हो."

"मी मंगळवार धरलेत, ताई. निर्जळी. देवाफुडं नाक घासलं, की माझी जीभ झडू दे पण त्यांचा राग जाऊ दे." ती रडत नव्हती. "आन तुमी माझ्यासंगं मेथी निवडत बसायचा."

मला एवढंच सुचलं, की चूक झाली. ते मी म्हटलं. मराठीत म्हटलं आणि, सवयीने, इंग्रजीतही म्हटलं. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "वरण उतू जाईल, तुमी जावा आता."

भाऊजींचं म्हणाल तर काही बदललेलं नाही. ते आल्यागेल्याला सांगतात, की वहिनींनी बरोबर जागा दाखवली होती. ते माझ्यावर पूर्वीसारखाच विश्वास ठेवतात. मी किती वेळा खरं सांगितलं तरी तो मोडत नाही. जाऊ मात्र मंगळवारी जेवली. त्यांच्यापुढे चहा ठेवताना ती आता विचारत नाही, "साखर घातलीय, प्यायचा तर प्या," असं म्हणून निघून येते, आणि ते पितात. भिंतीतून मला कपाचा आवाज येतो. ह्यातून त्यांचं कधी जुळेल का, ते मला सांगता येत नाही, आणि विचारायला मी त्यांच्यात कुठे आहे, तेही कळत नाही.

मी रोज जातेच. ती ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसत आले आणि माठातलं पाणी स्वतः घेत आले. काल मी गेले तेव्हा ती बाहेर आली. तिने बाहेरच्या खोलीतली खुर्ची पदराने पुसली, मला बसा म्हणाली आणि ताटलीत पेला ठेवून पाणी आणून दिलं.